दरवाजाजवळचा कागद

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

कारखान्याच्या दरवाजातून आत गेले की पहारेकऱ्याची चौकी, चौकीला लागून हजेरीची खिडकी आणि खिडकीशेजारी काचेचे दार असलेली एक लाकडी पेटी. पेटीत टाचण्यांनी लावलेले पाच-सहा कागद. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. वर मथळा : स्थायी आदेश. कामगार त्याला 'स्टँडिंग ऑर्डर' म्हणत. काचेवर धूळ असे, कधी आत एखादी पाल मरून पडलेली असे. रोज दोन-तीन पाळ्यांची माणसे त्या पेटीसमोरून जात, पण थांबून वाचणारा विरळा.

हा कागद तिथे कुणाच्या हौसेने लावलेला नसे. १९४६ सालच्या केंद्रीय कायद्यात तसे लिहून ठेवले होते. बहुसंख्य कामगार ज्या दरवाजाने आत येतात त्या दरवाजाशी किंवा त्याच्या जवळ, खास फलकावर, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत हे नियम लावले पाहिजेत, अशी तरतूद होती. कायद्याने कागदाची जागा सांगावी आणि भाषाही सांगावी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आम्ही कवी शब्दांवर जगतो असे म्हणतात, प्रत्यक्षात जगत कुणी नाही. पण नोकरीच्या कायद्यात एकेका शब्दावर माणसे खरोखर जगली आहेत आणि बुडाली आहेत. म्हणून श्रोतेहो, आज मी त्या पेटीतल्या कागदाबद्दल बोलणार आहे. तो तिथवर पोहोचायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

नोकरीचा कायदा म्हटला की तो कामगाराच्या बाजूचा, असे आपण धरून चालतो. आपल्या देशातला या विषयावरचा एक अगदी जुना कायदा मात्र उलट बाजूचा होता. १८५९ साली, उठावाचा धुरळा अजून खाली बसायचा होता तेव्हा, करारभंगाचा एक कायदा झाला. कारागिराने किंवा मजुराने उचल घेतली आणि कबूल केलेले काम केले नाही, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे जायचे. मॅजिस्ट्रेटने मजुराला सांगायचे, पैसे परत कर नाहीतर काम पुरे कर. त्याने ऐकले नाही तर तीन महिन्यांपर्यंत तुरुंग. मालकाने करार मोडला तर तुरुंग नाही, मजुराने मोडला तर आहे. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांसाठी केलेला हा कायदा पुढे दूरवर पसरला आणि १९२५ मध्ये रद्द करण्याचे ठरेपर्यंत टिकला. साठ-पासष्ट वर्षे काम सोडून जाणे हा या देशात गुन्हा होऊ शकत होता. आज राजीनामा देऊन एक महिन्याची नोटीस भरणाऱ्या तरुणांना हे सांगितले तर ते हसतील. त्यांनी हसावे, पण ही नोटीस कुठून आली तेही समजून घ्यावे.

मुंबईत कावसजी दावर यांनी कापड गिरणीची कंपनी काढली १८५४ मध्ये आणि १८५६ पासून ताडदेवला सूत निघू लागले. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत धुराडी वाढली आणि रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर अशा जिल्ह्यांतून माणसे आली. माझे आजोबा रत्नागिरीकडून आले. उत्तरेतले विणकर आले, ते मदनपुऱ्यात राहिले. या सगळ्यांना कामावर कोण ठेवत होते? मालक नाही, मॅनेजर तर नाहीच. ठेवत होता जॉबर. मुकादम म्हणा. तोच गावाहून माणसे आणी, तोच खात्यात उभे करी, तोच खोली बघून देई, तोच व्याजाने पैसे देई आणि मनात आले की तोच काढून टाकी. या उपकारांचा मोबदला म्हणजे दस्तुरी. लागताना दस्तुरी, टिकताना दस्तुरी. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. नेमणुकीचे पत्र नव्हते, नियमांचा कागद नव्हता. मॅनेजर बहुधा इंग्रज किंवा पारशी, कामगार मराठी किंवा हिंदुस्थानी बोलणारा आणि मधे हा दुभाषा. जॉबरच्या सत्तेचे मर्म मला तरी पैशापेक्षा इथे दिसते. दोन्ही बाजूंची भाषा येणारा तो एकटाच होता. त्याची जीभ हाच गिरणीतला कायदा.

पहिला फॅक्टरी कायदा १८८१ मध्ये आला. त्यामागे दयाबुद्धी होती तशी लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची चिंताही होती. मुंबईचा माल स्वस्त पडतो, कारण तिथे कामाच्या तासांना धरबंध नाही, हे त्यांचे दुखणे होते. मुंबईत सोराबजी शापूरजी बंगाली यांनी मात्र मनापासून या कायद्याचा पाठपुरावा केला होता. शंभर किंवा अधिक माणसे आणि यंत्रशक्ती असलेल्या कारखान्यांना कायदा लागू. सात वर्षांच्या आतले मूल कामावर घ्यायचे नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास, मधे तासभर विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या. मोठ्या माणसांबद्दल तासांचे एक अक्षर नाही. सात वर्षांच्या मुलाने नऊ तास राबावे ही तेव्हाची सुधारणा होती!

या ठिकाणी नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी, एका गिरणीत स्टोअरकीपर होते आणि १८८० पासून 'दीनबंधु' पत्र चालवत होते. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. लिहिता न येणाऱ्या माणसांनी एवढ्या निशाण्या एका कागदावर कराव्यात, ही साधी गोष्ट नव्हती. त्यातल्या मागण्या मी अनेकदा वाचल्या आहेत. रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा अधू झाला तर पोटाची तरतूद. आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत.

या शेवटच्या मागणीवर जरा थांबू. महिनाभर राबायचे आणि त्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यावर मिळावा, एवढीच विनंती. म्हणजे प्रत्यक्षात तो त्याहूनही उशिरा मिळत असणार. एका पगारापासून दुसऱ्या पगारापर्यंत खाणार काय? वाण्याकडची उधारी आणि जॉबरचे व्याज. वेळेवर पगार हा आज आपल्याला कायद्याचा विषयच वाटत नाही. तरी तो कायदा व्हायला १९३६ साल उजाडले. हजारापेक्षा कमी माणसे असतील तर सातव्या दिवसाच्या आत आणि जास्त असतील तर दहाव्या दिवसाच्या आत पगार झाला पाहिजे, असे त्या वर्षीच्या वेतन कायद्याने ठरवले. लोखंड्यांच्या निवेदनापासून मोजले तर बावन्न वर्षे झाली. लोखंडे स्वतः १८९७ मध्येच गेले होते, प्लेगच्या दिवसांत.

सुट्टीची मागणी मात्र त्यांनी डोळ्यांदेखत मिळवली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या सुधारित कायद्यात ती आली, शिवाय बायकांना अकरा तासांची मर्यादा आली. पुरुषांचे तास मोकळेच राहिले. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा सूर्यास्ताची अडचणही संपली आणि दिवस आणखी लांबला. कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा १९११ ला, सगळ्यांसाठी अकरा तास १९२२ ला, दहा तास १९३४ ला आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास स्वातंत्र्याच्या आगेमागे. एकेक तास कमी करायला सरासरी दहा-बारा वर्षे लागली आहेत.

तासांचे, सुट्टीचे, पगाराचे नियम सरकार करत होते. पण दरवाजाच्या आत, खात्यात, साच्यासमोर काय चालायचे? तिथला सगळ्यात जाचक शब्द होता दंड. उशीर झाला, दंड. साच्यावरून नजर हलली, दंड. विणकराने विणलेल्या कापडात दोष निघाला तर ते कापडच त्याच्या गळ्यात मारायचे आणि किंमत पगारातून कापायची. पगाराऐवजी खराब कापडाचा तागा काखेत मारून घरी येणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. न सांगता काम सोडले तर शिलकीचा पगार बुडाला. दंडाला मर्यादा नाही, त्याची यादी नाही, दाद मागायला जागा नाही. १९३६ च्या त्याच वेतन कायद्याने दंड आणला रुपयाला अर्ध्या आण्यावर. कोणत्या गोष्टींसाठी दंड होईल त्याची यादी आधी लावली पाहिजे, माणसाला आपले म्हणणे मांडू दिले पाहिजे, दंडाची वही ठेवली पाहिजे आणि जमलेला पैसा मालकाच्या खिशात न जाता कामगारांच्या हितासाठी खर्च झाला पाहिजे. शिक्षा करण्याआधी गुन्ह्याचे नाव सांगा, हा नियम फौजदारी न्यायालयात केव्हाचाच होता. तो कारखान्यात शिरायला एवढा वेळ लागला.

१९२८ चा मोठा संप याच मुद्द्याभोवती फिरला, हे फारसे कुणी सांगत नाही. एप्रिलमध्ये सुरू झालेला तो संप जवळजवळ सहा महिने चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. डांगे, जोगळेकर, ना. म. जोशी अशी एकमेकांशी न पटणारी माणसे एका संप समितीत बसली. भांडण पगारकपातीचे आणि एका माणसाकडे जास्त साचे देण्याचे होते, तसेच ते नियमांच्या कागदाचेही होते. मालकांनी स्थायी आदेशांचा मसुदा पुढे केला होता. कामगार म्हणत होते, नियम हवेत, पण एकट्या मालकाने लिहिलेले नकोत. संप मिटल्यावर न्या. फॉसेट यांच्या चौकशी समितीपुढे त्या मसुद्याच्या कलमाकलमावर दोन्ही बाजूंनी वाद घातला. मला हा प्रसंग विलक्षण वाटतो. मालकांचे वकील आणि मजुरांचे पुढारी समोरासमोर बसून 'नोटीस', 'गैरहजेरी', 'गैरवर्तन' या शब्दांचा अर्थ लावत आहेत. आमच्या साहित्य संमेलनांत एवढ्या गंभीरपणे शब्दांवर चर्चा झालेली मी पाहिलेली नाही.

पुढे मुंबई प्रांताने १९३८ च्या कायद्यात स्थायी आदेशांना कायद्याचे बळ दिले. त्याच कायद्याने संपावर घातलेल्या बंधनांमुळे डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आणि कम्युनिस्टांनी मिळून ७ नोव्हेंबर १९३८ ला संप केला होता. आठ वर्षांनी, १९४६ मध्ये, स्थायी आदेशांचा केंद्रीय कायदा झाला तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते आंबेडकरांकडेच होते. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना तो लागू झाला, महाराष्ट्रात ही मर्यादा पुढे पन्नासावर आली. मुंबईच्या कापड गिरण्यांना प्रांताचा वेगळा कायदा होता, पण नियमांचा कागद दोन्हीकडे साधारण एकाच घडणीचा. मालकाने मसुदा करायचा, तो सरकारी अधिकाऱ्याकडे द्यायचा, कामगारांच्या हरकती ऐकायच्या आणि मगच तो प्रमाणित व्हायचा. एकदा प्रमाणित झाला की मालकालाही तो मनात आले म्हणून बदलता येत नाही. आणि मग तो दरवाजाशी लावायचा.

याच काळात आणखी एक माणूस गिरणीत आला. १९३४ च्या मुंबईच्या कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर नेमला. त्याच्यापाठोपाठ मालकांनीही आपले लेबर ऑफिसर नेमायला सुरुवात केली. भरती, हजेरी, रजा, तक्रारी ही जॉबरची कामे हळूहळू या पाटलोणवाल्याकडे आली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. मग पर्सोनेल मॅनेजर झाला आणि आता त्याला मनुष्यबळ विकास अधिकारी म्हणतात, बोलताना नुसते 'एचआर'. पाटी बदलत गेली, पण हा जॉबरच्या खुर्चीवर बसलेला माणूस आहे हे विसरू नये. फरक एवढाच की जॉबरच्या मागे त्याची जीभ होती आणि याच्या मागे कागद. हे काम शिकवणारी एक शाळा १९३६ मध्ये नागपाड्यात सुरू झाली, सर दोराबजी टाटांच्या नावाने. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. मदनपुरा तिथून हाकेच्या अंतरावर. दुसरी संस्था सरकारने १९४७ साली काढली, ती परळला आहे आणि आज तिला नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आहे. माझी एक भाची हाच विषय शिकून अधिकारी झाली आहे. तिला मी या दोन पत्त्यांबद्दल सांगितले तेव्हा तिने ते मोबाइलमध्ये टिपून घेतले.

माझे अब्बा साचेखात्यात होते. सांगायचे म्हणजे, होते आणि नव्हतेही. ते बदली होते. १९३५ मध्ये गिरण्यांनी बदली कार्डाची पद्धत सुरू केली, जॉबरचा मनमानीपणा रोखायला. महिन्याच्या एक तारखेला ठरावीक लोकांना कार्डे द्यायची, त्यांनी रोज सकाळी येऊन उभे राहायचे, कायम कामगाराचा खाडा पडला की त्याच्या जागी यांच्यापैकी एकाला घ्यायचे. कल्पना चांगली होती. पण अब्बा ज्या गिरणीत होते तिथे ते अकरा वर्षे असेच उभे राहत होते. कुणी आजारी पडले, कुणाचे लग्न निघाले, शिमग्याला कोकणात निम्मे खाते रिकामे झाले की आमच्या घरी चूल नीट पेटे. दुसऱ्याचे दुखणे हे आपले पोट, याची अब्बांना फार लाज वाटे. नमाजात ते सगळ्यांच्या तब्येतीसाठी दुवा मागत आणि मग अम्मीकडे बघून हसत.

मी दहा वर्षांचा असताना, एका सुट्टीच्या दिवशी, त्यांनी मला त्या पेटीसमोर उभे केले. "वाच, सगळं वाच," म्हणाले. त्यांना वाचता येत नव्हते. मी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत चौथीत होतो. मोठ्याने वाचू लागलो. कामगारांचे प्रकार : कायम, उमेदवार, बदली, तात्पुरता, शिकाऊ. बदली म्हणजे तात्पुरत्या गैरहजर असलेल्या कायम कामगाराच्या किंवा उमेदवाराच्या जागी नेमलेला कामगार. अब्बांनी मला तिथे थांबवले आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले, "तात्पुरता कोण, तो की मी?" वाक्यात तात्पुरती त्या दुसऱ्याची गैरहजेरी होती. अब्बांचे उभे राहणे किती दिवसांचे, हे वाक्यात नव्हते. मराठी व्याकरणात विशेषण कुणाला लागते हे मला शाळेत पुढे कधीतरी शिकवले गेले, पण समजले त्या दिवशी.

पुढे गैरवर्तनाची यादी होती. हुकूम न मानणे, चोरी, मालाचे जाणूनबुजून नुकसान, लाच देणे किंवा घेणे, वरचेवर उशिरा येणे, दहा दिवसांहून जास्त विनापरवानगी गैरहजेरी, दंगा. आणि या यादीनंतर ज्याला मी या कागदाचे काळीज म्हणतो ते कलम. आरोप लेखी दिल्याशिवाय आणि कामगाराला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय बडतर्फ करता येणार नाही. आज प्रत्येक मनुष्यबळ अधिकारी जी आरोपपत्र, चौकशी, निलंबन, निर्वाह भत्ता ही साखळी पाठ करतो ती इथून निघते. निलंबित माणसाला पहिले नव्वद दिवस अर्धा पगार आणि चौकशी त्याच्या स्वतःच्या वागण्यामुळे लांबलेली नसेल तर पुढे पाऊण पगार, ही भर १९८२ मध्ये केंद्रीय कायद्यात पडली. चौकशीविना काढलेला माणूस कोर्टात जिंकतो आणि पक्का पुरावा असूनही मालक हरतो, याचे कित्येक उद्योजकांना नवल वाटते. त्यांनी दंडाची वही आठवावी.

'बदली' या शब्दावर कायद्यानेही नंतर विचार केला. केंद्राच्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ पासून दोनशे चाळीस दिवसांचा हिशेब आला. वर्षात एवढे दिवस काम भरले की माणसाला काढताना एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. झाले काय, तर दोनशे एकोणचाळिसाव्या दिवशी 'ब्रेक' देण्याची कला जन्माला आली. मग महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्यात लिहिले, माणसांना कायमपणाचे हक्क मिळू नयेत अशा हेतूने वर्षानुवर्षे बदली, किरकोळ किंवा तात्पुरते म्हणून ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा आहे. किती नेमके वाक्य! अब्बांसाठीच लिहिले असावे. पण ते वापरायला युनियन लागते, वकील लागतो आणि कोर्टाच्या तारखांना रोजी बुडवावी लागते. ते वापरले जाण्याआधी १८ जानेवारी १९८२ उजाडला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि संप कधी रीतसर मिटलाच नाही. लाखाहून अधिक माणसे परत आत गेली नाहीत. कायम गेले तिथे बदलीचे कोण विचारतो?

अब्बा भिवंडीला गेले, यंत्रमागावर. तिथे दरवाजाजवळ पेटी नव्हती. पेटी लावण्याएवढी माणसेच एका छपराखाली ठेवायची नाहीत, मधे भिंत घालून एकाच कारखान्याचे दोन-तीन नावांनी तुकडे करायचे, ही रीत होती. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या ठिकाणी दहा माणसे झाली की फॅक्टरी कायदा लागू होई, म्हणून हिशेब नेहमी नवाचा. कायदा आकड्यावर चालतो हे भिवंडीने मला शिकवले. कायद्याच्या पुस्तकात कलमाआधी तो कुणाला लागू होतो हे बघावे, हा तिथला धडा.

आता आजचे. केंद्राने एकोणतीस कायदे एकत्र करून चार संहिता केल्या, त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या. त्यात एक तरतूद अशी आहे की लोखंड्यांना तिचा आनंद झाला असता. प्रत्येक कामगाराला नेमणुकीचे पत्र दिलेच पाहिजे. १८५६ पासून ज्याची उणीव होती ते पत्र आता हक्काचे आहे. मुदतबंद कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळेल, हेही चांगले. पण त्याच वेळी स्थायी आदेश सक्तीचे होण्याची मर्यादा तीनशे कामगारांवर गेली आणि यंत्रशक्तीवरचा कारखाना म्हणजे दहाऐवजी वीस माणसे असे ठरले. भिवंडीचा हिशेब आता नवाचा नसून एकोणिसाचा होईल.

पत्र आणि फलक यांतला फरक मला मोठा वाटतो. पत्र माझ्या एकट्याचे असते. ते बंद पाकिटात येते, त्यावर मी एकटा सही करतो आणि नोकरीची गरज असलेला माणूस काय वाचून सही करतो ते आपल्याला माहीत आहे. फलक सगळ्यांचा असतो. त्याच्या मसुद्यावर हरकत घेता येत होती, त्यावरून भांडता येत होते, आपल्या पोराला उभे करून तो वाचून घेता येत होता. पत्र मिळाले म्हणून फलक काढून घ्यावा हे मला पटत नाही. दोनशे नव्वद माणसांच्या कारखान्यात गैरवर्तन म्हणजे काय, हे आता कुठे बघायचे? ते पत्रातच लिहिलेले असेल, मालकाच्या शब्दांत.

भाचीला मध्यंतरी तिच्या कंपनीने नवीन पत्र दिले. अकरा पाने, सगळे इंग्रजीत. सातव्या पानावर एक ओळ आहे की कंपनीची धोरणे, वेळोवेळी बदलतील तशी, तिला बंधनकारक राहतील. ती धोरणे पत्राला जोडलेली नाहीत. तिने मला फोन केला. "मामू, मी कामगार आहे का? म्हणजे कायद्याने?"

मी तिला व्याख्या वाचून दाखवली. व्यवस्थापनाचे किंवा प्रशासनाचे काम करणारा त्यात येत नाही. देखरेखीचे काम करणारा दरमहा अठरा हजारांहून अधिक पगार घेत असेल तर तोही नाही. पण कोर्ट पदाचे नाव बघत नाही, माणूस दिवसभर प्रत्यक्ष काय काम करतो ते बघते. तू दिवसाला काय काय करतेस ते एका कागदावर लिहून काढ, असे तिला म्हणालो. चार दिवसांनी तिची यादी आली, मराठीत, स्वच्छ अक्षरात. पहिल्याच ओळीत लिहिले होते : नवीन लोकांची नेमणुकीची पत्रे तयार करणे.